सागरी चाचेगिरीस साहाय्य व संगनमत यांविरुद्धचे कायदे

सागरी चाचेगिरीस साहाय्य व संगनमत यांविरुद्धचे कायदे म्हणजे समुद्रावर जहाजे लुटणाऱ्या किंवा ओलीस धरणाऱ्या चाच्यांना पैसा, शस्त्रे, नौका, इंधन, माहिती अथवा आश्रय पुरवणाऱ्या, त्यांना चिथावणी देणाऱ्या किंवा त्यांच्याशी कट करणाऱ्या व्यक्तींना शिक्षेस पात्र ठरवणाऱ्या तरतुदी होत. अशा व्यक्ती हल्ल्याच्या वेळी जहाजावर असतातच असे नाही. पुष्कळदा त्या किनाऱ्यावर, तर कधी दुसऱ्याच देशात असतात. त्यामुळे या कायद्यांपुढे दोन प्रश्न सतत उभे राहतात. जमिनीवर केलेले कृत्य खुल्या समुद्रावरील गुन्ह्याचा भाग कसे मानावे, हा पहिला. आणि जाणूनबुजून केलेली मदत व नाइलाजाने आलेला संबंध यांत भेद कसा करावा, हा दुसरा. भारतात याविषयीच्या तरतुदी सागरी चाचेगिरीविरोधी अधिनियम, २०२२ मध्ये आहेत.

चाचेगिरीची साखळी

मालवाहू जहाज ताब्यात घेण्यास एखाद-दुसरी वेगवान होडी, एक शिडी आणि काही सशस्त्र माणसे पुरेशी होतात. तेच जहाज महिनोन्‌महिने किनाऱ्याजवळ अडकवून ठेवायचे तर पहारेकरी, स्वयंपाकी, अन्नपाणी, डिझेल, दुभाषी, मालकाशी बोलणी करणारा मध्यस्थ आणि हा सर्व खर्च आगाऊ उचलणारा भांडवलदार लागतो. सोमालियाच्या किनाऱ्यावर २००८ ते २०१२ या काळात चाचेगिरीने जे रूप घेतले, ते असे व्यवसायाचे होते. समुद्रावरील माणसे ही त्या साखळीतील शेवटची आणि सर्वांत सहज बदलता येणारी कडी होती.

जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालय आणि इंटरपोल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालानुसार, एप्रिल २००५ ते डिसेंबर २०१२ या काळात आफ्रिकेच्या शिंगाच्या परिसरात ३३.९ कोटी ते ४१.३ कोटी डॉलर एवढी खंडणी दिली गेली. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या सामान्य चाच्याच्या वाट्याला एका जहाजामागे साधारण ३० हजार ते ७५ हजार डॉलर येत. एकेका जहाजामागे लक्षावधी डॉलर मोजले जात असताना ही रक्कम अल्प ठरते. मोठा वाटा भांडवल पुरवणाऱ्यांकडे व सूत्रधारांकडे जाई.

पकडले जाण्याचा धोका मात्र उलट प्रमाणात वाटला गेला होता. युद्धनौकेच्या हाती लागे तो होडीतील तरुण. किनाऱ्यावरील भांडवलदार तिच्या टप्प्याबाहेर राही. पकडलेल्यांचेही पुढे काय होई, याविषयी संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांचे विशेष सल्लागार जॅक लांग यांनी जानेवारी २०११ मध्ये सादर केलेला अहवाल बोलका आहे. पकडल्या गेलेल्या दहांपैकी नऊहून अधिक चाच्यांना खटला न चालवताच सोडून दिले जाते, असे त्यात नमूद केले होते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

चाच्यांच्या साहाय्यकांना शिक्षा करण्याच्या इंग्लंडमधील कायद्यांचा इतिहास अरबी समुद्राशी जोडलेला आहे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे मोगल बादशाहीचे जहाज लुटले. औरंगजेबाच्या अधिकाऱ्यांनी सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना कैदेत टाकले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारच धोक्यात आला. एव्हरीच्या माणसांना बहामा बेटांवर आणि उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत आसरा मिळाला होता. याच सुमारास न्यूयॉर्कमधील काही व्यापारी मादागास्करच्या परिसरातील चाच्यांना दारू व दारूगोळा विकून लुटीचा माल विकत घेत असत. चाचे पकडले तरी त्यांचे गिऱ्हाईक आणि आश्रयदाते मोकळे राहिले, तर चाचेगिरी थांबणार नाही, ही गोष्ट तेव्हाच उघड झाली.

इंग्लंडच्या संसदेने १६९८ च्या कायद्याने चाच्यांना सज्ज करणारे, मदत वा सल्ला देणारे, तसेच त्यांना किंवा त्यांच्या लुटीला दडवणारे यांना दुय्यम गुन्हेगार ठरवले. १७२१ चा कायदा त्यापुढे गेला. चाच्यांशी जाणूनबुजून व्यापार करणे, त्यांना दारूगोळा वा शिधा पुरवणे, त्यासाठी जहाज सज्ज करणे आणि त्यांच्याशी संगनमत वा पत्रव्यवहार करणे या कृत्यांना त्याने चाचेगिरीच मानले. दुय्यम आणि मुख्य गुन्हेगार यांतील भेद त्याने पुसून टाकला.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी हाच आशय १७९० च्या फौजदारी कायद्यात घेतला. त्याचा वारसा सांगणारे कलम आजही तेथील संहितेत आहे. चाच्याशी व्यापार, त्याला रसद, त्याच्याशी संगनमत किंवा खलाशांना फितवणे यांसाठी त्यात जास्तीत जास्त तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, तर प्रत्यक्ष चाचेगिरीसाठी जन्मठेप अनिवार्य आहे. ही तफावत मोठी असल्याने अलीकडील मोठ्या खटल्यांत सरकारी पक्षाने या जुन्या कलमाऐवजी साहाय्यकाला मुख्य गुन्हेगाराइतकेच दोषी मानणाऱ्या सर्वसाधारण कलमाचा आधार घेतला.

कोणाला चाचा म्हणावे, यावर त्याचा साहाय्यक कोण हे ठरते, हेही इतिहासात दिसते. ईस्ट इंडिया कंपनी कान्होजी आंग्रे यांना चाचा म्हणत असे. परंतु आंग्रे हे मराठा राज्याचे सरखेल होते. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावे, ही त्यांची मागणी राज्याच्या अधिकारातून आलेली होती. कंपनीची व्याख्या मान्य केली असती, तर त्यांच्या आरमाराला लाकूड, दोरखंड वा धान्य पुरवणारा कोकणातील प्रत्येक व्यापारी चाच्यांचा साहाय्यक ठरला असता. आधुनिक व्याख्येत ‘खासगी हेतूसाठी’ ही अट आहे. राज्याच्या अधिकाराने केलेली कारवाई तिच्यामुळे चाचेगिरीच्या बाहेर राहते.

आंतरराष्ट्रीय कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक कराराच्या १०१ व्या अनुच्छेदात चाचेगिरीची व्याख्या असून तिचे तीन भाग आहेत. एका खासगी जहाजावरील व्यक्तींनी खासगी हेतूसाठी, खुल्या समुद्रावर, दुसऱ्या जहाजाविरुद्ध केलेली हिंसा, अटकाव वा लूट हा पहिला भाग. एखादे जहाज चाच्यांचे आहे हे ठाऊक असूनही ते चालवण्यात स्वेच्छेने सहभागी होणे हा दुसरा. या दोहोंपैकी कोणत्याही कृत्याला चिथावणी देणे किंवा ते हेतुपुरस्सर सुकर करणे हा तिसरा भाग होय. हीच व्याख्या १९५८ च्या जिनीव्हा करारातही होती.

या मांडणीचे महत्त्व असे की, साहाय्य करणे हा येथे चाचेगिरीला जोडलेला वेगळा गुन्हा नाही. ती चाचेगिरीच आहे. तसेच ‘खुल्या समुद्रावर’ हे शब्द पहिल्या भागात आहेत, तिसऱ्या भागात नाहीत. कट करणे याचा मात्र व्याख्येत कोठेही उल्लेख नाही. कट हा स्वतंत्र गुन्हा मानण्याची परंपरा मुख्यतः इंग्लंड, अमेरिका, भारत यांसारख्या इंग्रजी विधिपरंपरेतील देशांची आहे. युरोप खंडातील अनेक देश त्याऐवजी गुन्हेगारी संघटनेचे सदस्यत्व वा नेतृत्व हा गुन्हा मानतात.

करारात गुन्ह्याची व्याख्या आहे, शिक्षा नाही. ती प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात ठरवायची असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल २०११ मधील ठराव क्रमांक १९७६ द्वारे सर्व राष्ट्रांना चाचेगिरी आपल्या कायद्यात गुन्हा ठरवण्याचे, तसेच तिला पैसा पुरवणाऱ्या, तिची आखणी व संघटन करणाऱ्या आणि तिच्यापासून लाभ उठवणाऱ्यांचा तपास करून त्यांच्यावर खटले भरण्याचे आवाहन केले. सेशेल्सने २०१० मध्येच आपल्या दंडसंहितेत दुरुस्ती करून साहाय्य, चिथावणी व कट या तिन्हींचा स्पष्ट समावेश केला होता.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात घडलेली लूट या व्याख्येत बसत नाही. ती त्या त्या देशाच्या कायद्यानुसार सशस्त्र दरोडा ठरते. ही उणीव काही अंशी सागरी वाहतुकीच्या सुरक्षिततेविषयीच्या १९८८ च्या रोम कराराने भरून काढली. त्यात जहाज बळाने ताब्यात घेणे आणि त्यासाठी अपप्रेरणा देणे हे दोन्ही गुन्हे आहेत व खासगी हेतूची अट नाही.

महत्त्वाचे खटले

जमिनीवरील साहाय्यकाला चाचेगिरीसाठी दोषी धरता येते का, हा प्रश्न अमेरिकेतील दोन खटल्यांत तपासला गेला. ‘सीईसी फ्यूचर’ हे डॅनिश मालकीचे जहाज नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात ताब्यात घेण्यात आले होते. त्याच्या सुटकेसाठी १७ लाख डॉलरची बोलणी करणाऱ्या आणि त्याबद्दल स्वतंत्रपणे ७५ हजार डॉलर घेणाऱ्या मध्यस्थावर वॉशिंग्टन येथे खटला भरण्यात आला. अपील न्यायालयाने जून २०१३ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. चाचेगिरीस साहाय्य करणारा स्वतः खुल्या समुद्रावर असण्याची गरज नाही, ही पहिली. दुसरी अशी की, आंतरराष्ट्रीय व्याख्येत कटाचा समावेश नसल्याने परदेशी व्यक्तीवर परदेशी जहाजाबाबत ‘चाचेगिरीचा कट’ हा आरोप ठेवता येणार नाही. साहाय्याचा मार्ग मोकळा झाला, कटाचा बंद झाला. पुढे ज्यूरीने त्या मध्यस्थाला चाचेगिरीच्या आरोपातून मुक्त केले. ओलीस धरण्याच्या आरोपावर ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि २०१४ च्या आरंभी सरकारने तो मागे घेतला. आपण केवळ दुभाषाचे व मध्यस्थाचे काम केले, असा त्याचा बचाव होता.

दुसऱ्या खटल्याचा भारतीय खलाशांशी थेट संबंध होता. ‘मारिडा मार्गरेट’ हे जर्मन मालकीचे रसायनवाहू जहाज मे २०१० मध्ये ताब्यात घेण्यात आले. त्यावरील २२ खलाशांपैकी १९ भारतीय होते. सुमारे आठ महिने त्यांना ओलीस ठेवून त्यांचा छळ करण्यात आला आणि सुमारे ५० लाख डॉलर खंडणी घेऊन वर्षअखेर सोडण्यात आले. खंडणीची बोलणी करणाऱ्यावर याच जहाजाच्या, तसेच फेब्रुवारी २०११ मध्ये चार अमेरिकी नागरिकांची हत्या झालेल्या ‘क्वेस्ट’ या नौकेच्या प्रकरणी खटला चालला. त्याला जन्मठेपेच्या अनेक शिक्षा झाल्या. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने त्या कायम करताना साहाय्य खुल्या समुद्रावरच घडले पाहिजे असे नाही, हेच तत्त्व मान्य केले.

सूत्रधारापर्यंत पोहोचलेला खटला बेल्जियममध्ये झाला. ‘पॉम्पेई’ ही बेल्जियमची गाळ उपसणारी नौका २००९ मध्ये ओलीस धरण्यात आली होती. सोमाली चाचेगिरीचा म्होरक्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद आब्दी हसन ऊर्फ ‘आफवेने’ याला, त्याच्या जीवनावर चित्रपट काढण्याच्या बहाण्याने, ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रुसेल्सला बोलावून विमानतळावर अटक करण्यात आली. ब्रूज येथील न्यायालयाने २०१६ मध्ये त्याला २० वर्षांची शिक्षा दिली. तो स्वतः ‘पॉम्पेई’वरील हल्ल्यात होडीत नव्हता. गुन्हा सिद्ध करण्यास कायदा अपुरा पडला नाही. परंतु आरोपीला देशाच्या सीमेत आणण्यासाठी पोलिसांना अशी युक्ती योजावी लागली.

भारतातील कायदा

भारतीय दंड संहितेत १८६० पासून अपप्रेरणेची आणि १९१३ पासून फौजदारी कटाची कलमे होती. चाचेगिरीची व्याख्या मात्र नव्हती. मुख्य गुन्ह्याचीच व्याख्या नसेल, तर त्याच्या साहाय्यकाला कशाचा साहाय्यक म्हणावे, ही अडचण होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियातून निघालेले ‘अलोन्ड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज पळवण्यात आले. मूळ खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले, जहाजाचे नाव बदलण्यात आले आणि मालाचा काही भाग वाटेत उतरवण्यात आला. नोव्हेंबरमध्ये भारतीय नौदल व तटरक्षक दलाने पाठलाग करून जहाजावरील १५ इंडोनेशियन व्यक्तींना पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००३ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा दिली, परंतु २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. जहाज पळवण्याची योजना करणारे आणि माल विकत घेणारे या खटल्यात आरोपीच नव्हते.

२०११ मध्ये नौदलाने चार कारवायांत सुमारे १२० सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणले. त्याचे उत्तर समुद्रावरून न येता किनाऱ्यावरून आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ या जहाजाची खंडणी स्वीकारूनही चाच्यांनी १५ भारतीय खलाशांपैकी सात जणांना अडकवून ठेवले आणि त्यांच्या बदल्यात भारतातील कैद्यांना सोडावे, अशी मागणी केली. ओलीस धरल्यानंतर चार वर्षांहून अधिक काळाने, ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस त्यांची सुटका झाली. होडीतील माणसे तुरुंगात गेली तरी जमिनीवरील यंत्रणा शाबूत असते आणि तिची झळ दूरच्या खलाशांच्या घरांना बसते, हे या घटनेने दाखवून दिले.

चाचेगिरीविरोधी विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि दुरुस्त्यांसह डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले. २०२३ च्या आरंभी हा अधिनियम अमलात आला. त्याने आंतरराष्ट्रीय व्याख्या तिन्ही भागांसह स्वीकारली. खुल्या समुद्रात अनन्य आर्थिक क्षेत्राचाही समावेश केला. चाचेगिरीला जन्मठेपेची, तर मृत्यू घडवल्यास वा तसा प्रयत्न केल्यास जन्मठेप वा मृत्युदंडाची तरतूद आहे. चाचेगिरीचा प्रयत्न, साहाय्य, अपप्रेरणा व कट, तसेच इतरांना चाचेगिरीसाठी संघटित करणे वा मार्गदर्शन करणे यांसाठी स्वतंत्र कलमे असून त्यांत ठरावीक मुदतीपर्यंतच्या कारावासाची शिक्षा आहे. अमेरिकेतील न्यायालयाला कटाच्या बाबतीत जी अडचण आली, ती भारतात कायद्यातच कटाचा उल्लेख करून दूर करण्यात आली आहे.

मात्र यातून एक संदिग्धता निर्माण होते. चिथावणी देणे व हेतुपुरस्सर सुकर करणे ही कृत्ये व्याख्येनुसार चाचेगिरीच आहेत, म्हणजे जन्मठेपेस पात्र आहेत. साहाय्य व अपप्रेरणा यांना मात्र त्याच अधिनियमात सौम्य शिक्षा आहे. होड्या व इंधनासाठी पैसा देणारा भांडवलदार यांपैकी कोणत्या कलमाखाली येतो, हे न्यायालयांना निश्चित करावे लागेल.

डिसेंबर २०२३ मध्ये अपहृत झालेले माल्टाचे निशाण असलेले ‘रुएन’ हे जहाज चाचे पुढील हल्ल्यांसाठी तळासारखे वापरत होते. १६ मार्च २०२४ रोजी ‘आयएनएस कोलकाता’ आणि विमानातून समुद्रात उतरलेले नौदलाचे कमांडो यांनी सुमारे ४० तासांच्या कारवाईनंतर १७ खलाशांची सुटका केली. ३५ चाच्यांना २३ मार्च रोजी मुंबईत पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले आणि नव्या अधिनियमासह अन्य कायद्यांखाली गुन्हा नोंदवण्यात आला. एवढे मोठे जहाज तीन महिने इंधन, अन्न व पहाऱ्यासह ताब्यात ठेवणे किनाऱ्यावरील पाठबळाविना अवघड असते. मुंबईत मात्र आले ते फक्त जहाजावर सापडलेले.

साहाय्याची सीमारेषा

खंडणी देणारा जहाजमालक किंवा विमा कंपनी चाच्यांना पैसा पुरवतेच. तरी तिला साहाय्यक मानले जात नाही, कारण तिचा हेतू गुन्हा सुकर करण्याचा नसून माणसे सोडवण्याचा असतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये ‘बुंगा मेलाती दुआ’ या जहाजाच्या विमा प्रकरणात खंडणी देणे इंग्लिश कायद्याने बेकायदेशीर नसल्याचे म्हटले. अमेरिकेने एप्रिल २०१० च्या अध्यक्षीय आदेशाने काही सोमाली व्यक्तींवर आर्थिक निर्बंध घातले. अशा व्यक्तीला पैसा पोहोचला तर देणाराही अडचणीत येऊ शकतो.

मध्यस्थाची भूमिका याहून बिकट असते. जहाजमालकाने नेमलेला मध्यस्थ आणि चाच्यांच्या वाट्यातून मोबदला घेणारा मध्यस्थ एकाच दूरध्वनीच्या दोन टोकांना असतात. नाव हिसकावून घेतलेले मच्छीमार किंवा बंदुकीच्या धाकाने जहाज चालवणारे खलाशी हेही वरवर पाहता चाच्यांच्या कामात सहभागी दिसतात. करारातील ‘स्वेच्छेने’ व ‘हेतुपुरस्सर’ हे शब्द अशांचे संरक्षण करतात. साहाय्याची व्याख्या सैल केली, तर सूत्रधाराआधी हेच लोक तिच्यात सापडण्याचा धोका असतो.

मूल्यमापन

भारतीय अधिनियमात पुराव्याविषयी एक विशेष तरतूद आहे. आरोपीजवळ शस्त्रे, स्फोटके वा हल्ल्याची सामग्री सापडली आणि ती चाचेगिरीसाठी होती असे मानण्यास कारण असेल, किंवा खलाशांवर बळाचा वापर झाल्याचा पुरावा असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा घडल्याचे गृहीत धरता येते. ही तरतूद स्वाभाविकपणे समुद्रावर पकडलेल्या माणसाला लागू पडते. भांडवलदाराजवळ शिडी वा बंदूक सापडत नाही. त्याच्याविरुद्ध हवालाचे व्यवहार, दूरध्वनीच्या नोंदी आणि साक्षीदार लागतात, आणि ते बहुधा अशा देशांत असतात जिथे भारतीय तपास अधिकाऱ्याला प्रवेश नसतो. अधिनियमाने चाचेगिरी प्रत्यार्पणयोग्य गुन्हा ठरवली असली, तरी प्रत्यार्पण समोरच्या देशाच्या संमतीवर अवलंबून असते.

१७२१ मध्ये जे तत्त्व कायद्यात आले, ते आज बहुतेक सागरी राष्ट्रांना मान्य आहे: चाच्याला पोसणारा चाच्याहून कमी दोषी नाही. अमेरिका व बेल्जियम येथील खटल्यांनी ते जमिनीवरील आरोपींनाही लागू करता येते हे सिद्ध केले, आणि २०२२ च्या अधिनियमामुळे भारतीय न्यायालयांनाही तो अधिकार मिळाला. होडीत नसलेल्या सूत्रधाराविरुद्ध तो वापरला जाईल तेव्हाच अधिनियमातील साहाय्य व कटाच्या कलमांची खरी कसोटी लागेल.